पावणेसातचा खेळ, सात वाजून आठ मिनिटांनी

आमच्या भागातल्या नव्या मॉलच्या चौथ्या मजल्यावरचं हे मल्टिप्लेक्स. आधी चांगलं सांगते. खुर्च्या ऐसपैस, आवाज स्वच्छ, बाथरूममध्ये नाकाला पदर लावावा लागत नाही. शिवाय मराठी सिनेमाला शनिवारी संध्याकाळी पावणेसातची वेळ दिली होती, नाहीतर आपल्या वाट्याला सकाळी साडेदहाचा खेळ ठरलेला. म्हणून तर सासूबाई, नवरा आणि लेक अशी सगळी वरात घेऊन गेले.

आता हिशोब. ॲपवर तिकीट दिसलं 220 रुपयांना, म्हणजे चौघांचे 880. खुर्च्या निवडून पुढे गेले तर आकडा 1016 रुपये 16 पैसे! उलगडून बघितलं. तिकिटामागे 28 रुपये कन्व्हिनियन्स फी, त्यावर 18 टक्के जीएसटी. वर माणशी एक रुपया देणगी, टिक त्यांनीच मारून ठेवलेली. ती मी काढली. चार रुपयांनी मी गरीब होत नाही, पण दान करायचं तर मला विचारा तरी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023च्या सूचनांमध्ये न विचारता बिलात देणगी घुसवायला मनाईच आहे.

फीचं म्हणाल, तर माझा राग रकमेपेक्षा गुणाकारावर आहे. व्यवहार एक, मेसेज एक, क्यूआर कोड एक, दारावरच्या मुलाने तो स्कॅनही एकदाच केला. मग फी चारदा का? रेल्वेचं तिकीट यूपीआयने काढलं की साध्या डब्याला 10 आणि एसीला 20 रुपये अधिक जीएसटी लागतो, पण तो अख्ख्या तिकिटाला. त्यावर सहा जणांची नावं असली तरी तेवढाच.

ही फी बेकायदा आहे असं मात्र म्हणू नका. राज्य सरकारने 2013 आणि 2014 मध्ये आदेश काढून ती बंद करायला सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये ते आदेश रद्द केले. ज्याला घरबसल्या तिकीट हवं तो पैसे देईल, नको असेल तो खिडकीवर जाईल, असा एकूण सूर. ठीक आहे, पटलं. म्हणून पुढच्या वेळी मी खिडकीवर गेले. तीन खिडक्यांपैकी दोन बंद. तिसरीतला मुलगा आदबीने म्हणाला, "मॅडम, तो बोर्ड स्कॅन करा ना, पटकन होईल." बोर्ड स्कॅन केला की तेच ॲप, तीच फी. हटून बसले तेव्हा 220ला तिकीट मिळालं. पार्किंगचे 40 वेगळे.

आणि जाहिराती. वेळ छापली होती 6.45. दिवे मंद झाले आणि सुरू झाले सराफ. मग बिल्डर, मग दुसरा बिल्डर, सिमेंट, एक खासगी विद्यापीठ, लग्नाचे शालू, चार ट्रेलर. तंबाखूविरोधी फिल्म सरकारी सक्तीची, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती संपते न संपते तोच सूटबुटातला नट चांदीच्या डबीतून वेलची खाताना दिसला, आणि ती वेलची कोणत्या घराण्याची हे आमच्या दहावीतल्या लेकीलाही कळलं. सिनेमा सुरू झाला 7.08ला. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दर मिनिट मोजावं लागतं, म्हणून घड्याळ बघून सांगते आहे. मध्यंतरानंतर पुन्हा तेच सराफ.

म्हणजे खुर्ची मला एकदा विकली आणि मी तिच्यावर बसलेय असं सांगून सराफांना दुसऱ्यांदा विकली. बरं, ज्यांना हे ठाऊक आहे ते मुद्दाम उशिरा येतात. नेमका पहिला प्रसंग सुरू असताना मोबाइलचे टॉर्च लावून, पॉपकॉर्नच्या बादल्या सांभाळत, आपल्या पायांवरून. वेळेवर येणाऱ्याला दोन्हीकडून मार.

बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने 25 मिनिटांच्या जाहिरातींवरून ग्राहक आयोगात दाद मागितली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, तिकिटावर सिनेमाची खरी वेळ छापा असंही आयोग म्हणाला. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मला नुकसानभरपाई नको. "जाहिराती 6.45, सिनेमा 7.08" एवढं छापा, जाहिरातींतून पैसे खुशाल कमवा.

इथल्या मॅनेजरना हेच सांगितलं. बिचारे म्हणाले, "वेळापत्रक वरून येतं, ताई."

पाण्याचं सांगायचं राहिलं. प्यायचं पाणी फुकट द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं आहे. इथे कूलर आहे, पण बाथरूमच्या वळणावर आणि ग्लासाशिवाय. काउंटरवर मात्र बाटली 60 रुपयांना.

पाचापैकी अडीच तारे, तेही खुर्च्यांना आणि दारावरच्या मुलांच्या वागण्याला. जाणार असाल तर ई किंवा एफ रांग घ्या. एचच्या डोक्यावर एसीचा झोत आहे, शाल लागते.