अप्पा बळवंत चौकातला पायथॉनचा वीकएंड क्लास: फाईल उघडणं-बंद करणं यावर अख्खी सकाळ, आणि ती वसूल झाली

आधी मी या क्लासला का गेले ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी डिस्पॅचचं बघते. मालासोबत जाणाऱ्या चलनांची यादी ठेवणारी स्क्रिप्ट, म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला छोटा प्रोग्रॅम, मीच व्हिडिओ बघून लिहिली होती, रोज जुनी सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) वाचायची, आजची चलनं वर टाकायची आणि पूर्ण फाईल परत लिहायची, असं सहा महिने छान चाललं. मग ऐन मार्चएंडला एका पार्टीचं नाव कुणीतरी मराठीत टाईप केलं, स्क्रिप्ट तिथेच एरर देऊन थांबली, आणि फाईल उघडून बघते तर वरच्या चार ओळी शिल्लक, बाकी महिना गायब! दोन रात्री बसून कागदी चलनांवरून सगळं परत एन्टर केलं. तेव्हाच ठरवलं की हे कुणाकडून तरी नीट समजून घ्यायचं.

क्लास चौकाच्या मागच्या गल्लीत आहे, पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पंधराएक जणांची बॅच. पहिले दोन रविवार व्हेरिएबल, लूप वगैरे, ते कुठेही मिळेल. तिसरा रविवार मात्र पूर्ण फाईलवर होता आणि हा रिव्ह्यू मी त्यासाठीच लिहितेय.

सरांनी सुरुवातीलाच प्रोजेक्टरवर एक फाईल राईट मोडमध्ये ओपन केली, त्यात एक ओळ लिहिली, आणि प्रोग्रॅम तसाच चालू ठेवून बाजूला तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडली. रिकामी! मग विचारलं, "लिहिलेली अक्षरं गेली कुठे?" कुणालाच सांगता येईना. तर ती असतात मेमरीत, बफर नावाच्या तात्पुरत्या जागेत, तो भरला की डिस्ककडे जातो किंवा आपण फ्लश (आहे तेवढं आत्ताच पाठव) किंवा क्लोज म्हटलं की जातो. सरांनी क्लोज मारलं, नोटपॅड परत उघडलं, ओळ हजर. क्लोज म्हणजे नुसतं दार लावणं असं मी समजत होते, लिहिणं तिथे पूर्ण होतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरा प्रयोग त्याहून भारी. सर लिनक्सच्या लॅपटॉपवर लूपमध्ये एकामागून एक फाईल उघडत गेले, बंद एकही नाही, हजाराच्या थोडं पुढे गेल्यावर 'टू मेनी ओपन फाईल्स' अशी एरर आली. एका चालू प्रोग्रॅमला तिथे सहसा १०२४ फाईलींची मुभा असते आणि ०, १, २ हे नंबर आधीच इनपुट, आउटपुट आणि एररला दिलेले असतात, म्हणून आपली पहिली फाईल ३ नंबरची. एका मुलाने विचारलं की सर तुम्ही त्या सगळ्या फाईली लिस्टमध्ये का ठेवल्या, तर सरांनी लिस्ट काढून परत चालवलं आणि एरर आलीच नाही, कारण नेहमीचा पायथॉन कुणी वापरत नसलेली फाईल स्वतःच बंद करतो. पण पायपाय (पायथॉनचाच दुसरा एक अवतार) वापरलं तर ती लगेच बंद होईलच असं नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका असं त्यांनी निक्षून सांगितलं. प्रश्नाला उत्तर म्हणून लगेच करून दाखवतात, हे मला सगळ्यात आवडलं.

मग 'विथ' आलं, फाईल उघडून तिचं काम एका ब्लॉकमध्ये ठेवणारा पायथॉनचा शब्द. ते २००६ पासून, म्हणजे २.५ व्हर्जनपासून आहे, तरी मी बघितलेल्या व्हिडिओत ओपन करून शेवटी क्लोज असंच होतं, आणि मधे एरर आली की शेवटची ओळ चालतच नाही. विथच्या आत असलं की एरर येऊ दे नाहीतर काही होऊ दे, ब्लॉकमधून बाहेर पडताना फाईल बंद होते.

इथे मी माझी चलनांची गोष्ट सांगितली. सर म्हणाले, "ताई, विथ असतं तरी तुमचा महिना गेलाच असता." कारण 'डब्ल्यू' म्हणजे राईट मोडने फाईल उघडली त्या क्षणीच जुना मजकूर पुसला जातो, एक अक्षरही लिहिण्याआधी! उपाय म्हणजे नवीन यादी त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने लिहायची, ती नीट बंद झाली की मगच पायथॉनच्या ओएस डॉट रिप्लेस या कमांडने जुन्याच्या जागी ठेवायची. नुसती भर घालायची असेल तर 'ए' मोड, आणि आधीची फाईल चुकूनही पुसायची नसेल तर 'एक्स', फाईल असेल तर तो उघडायलाच नकार देतो. सोमवारी ऑफिसला जाऊन पहिलं काम हेच केलं.

आता तक्रार. मुळात माझी स्क्रिप्ट पडली ती एन्कोडिंगमुळे, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये साठवायच्या पद्धतीमुळे, विंडोजवर काही सांगितलं नाही तर माझ्याकडचा पायथॉन जुनं एन्कोडिंग धरतो आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. ओपनमध्ये यूटीएफ-८ (देवनागरी चालणारं एन्कोडिंग) लिहिलं की झालं, आणि एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही असेल तर यूटीएफ-८-सिग, सोबत न्यूलाईनला रिकामी स्ट्रिंग (नुसती अवतरणचिन्हं) द्यायची, नाहीतर दर ओळीनंतर एक कोरी ओळ येते. हे सगळं मी विचारल्यावर सांगितलं, छापील नोट्समध्ये एक शब्द नाही. पुण्यात मराठी माणसांना शिकवताना हे पहिल्या पानावर हवं, मी सरांना तसं सांगितलं, त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

बाकी खोली लहान आहे, दुपारी उकडतं, मागच्या बाकावरून प्रोजेक्टर नीट दिसत नाही. गाडी आणू नका, पेठेत पार्किंग मिळत नाही, मेट्रोने मंडईला उतरून चालत या. स्वतःचा लॅपटॉप आणा आणि बिघडलेली स्क्रिप्ट असेल तर तीही आणा, सर ब्रेकमध्ये चहा घेता घेता बघून देतात.