कुंभारगावची रोहित-सफर: बोटीला चार तारे, पाण्याला दीड

भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्याकाठी कुंभारगावला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाणार असाल तर सकाळी साडेसहाला बोटीत बसलेलं असावं. नंतर ऊन पाण्यावर चमकतं, फोटो पांढरे येतात आणि पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. मी इंदापूर तालुक्यातलाच, ऊसवाला. पण घराजवळचं देऊळ आपण पाहुणे आले तरच बघतो, तसं फेब्रुवारीत कोथरूडच्या दाजींमुळे माझं जाणं झालं.

नावाडी पूर्वीचा मासेमारी करणारा. पट्टकादंब, चित्रबलाक, शेकाट्या, सुरय, सगळी नावं तोंडपाठ, आणि कुठला पक्षी कुठल्या उथळ जागेवर सापडेल तेही. थव्यापासून बऱ्याच लांब त्याने इंजिन बंद केलं आणि बांबू टेकवत बोट पुढे सरकवली. भाच्याला रोहित उडतानाचा फोटो हवा होता. "अजून जवळ घ्या की." नावाडी म्हणाला, "उडवून दावायचं काम आपण करत नाय." एक तारा मी या वाक्यालाच दिला. लाईफ जॅकेट सगळ्यांना मिळाली, एकाचं बक्कल तुटकं. धक्क्यावर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, यावर आमच्या ताई अजून बोलतात.

आता पाणी. सुरुवातीला दाजी नाकाला रुमाल लावूनच होते. "इतकं हिरवं का हो?" त्यांनी विचारलं. नावाडी वल्हं न थांबवता म्हणाला, "दाजी, तुमच्याकडूनच येतंय की. राहिलेलं मामांच्या उसातलं." मामा म्हणजे मी. दोन्ही खरं आहे.

पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून उजनीत. दाजींचं म्हणणं, आता प्रक्रिया केंद्रं होताहेत ना! होताहेत, पण साध्या प्रक्रियेने घाण आणि वास कमी होतो, नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) बऱ्यापैकी तसंच राहतं. ते काढायला वेगळा टप्पा लागतो, वेगळा खर्च लागतो. आमच्या बाजूने बघा. कृषी विद्यापीठाची शिफारस 'सुरू' म्हणजे वर्षभराच्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्र आणि ११५ किलो स्फुरद, आडसाली म्हणजे दीड वर्षाच्या उसाला ४०० आणि १७०. आमच्याकडे कित्येक जण त्यावरही दोन पोती चढवतात, कारण शेजाऱ्याचा ऊस जास्त काळाभोर दिसतो. युरिया फेकून पाटाने भरपूर पाणी सोडलं की त्यातला वाटा चारीतून ओढ्याला जातो. स्फुरद मातीला धरून बसतं, ते पहिल्या जोरदार पावसात मातीसकट जातं.

धरणात पोचल्यावर हे खत शेवाळाला लागू पडतं. वर हिरवा थर धरला की खाली ऊन पोचत नाही. शेवाळ मरून तळाला बसतं, ते कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. रात्री जिवंत शेवाळही तोच ओढतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून असतात, हे नावाड्याने न विचारता सांगितलं. तळाचा ऑक्सिजन गेला की गाळात अडकलेलं जुनं स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतं, म्हणजे आज सगळं बंद केलं तरी काही वर्षं हिशेब चालूच. १९८० पासूनचा गाळ आहे हा. धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यात जवळपास ६३ मृतसाठा, म्हणजे दारांखालचं, सहज बाहेर न काढता येणारं पाणी. मे महिन्यात कधीकधी तेवढाच उरतो. तोही उथळ आणि कोमट.

रोहितांना मात्र उथळ चिखलच हवा. चोच उलटी धरून ते किडे आणि शेवाळ गाळून खातात. तेव्हा "इतके पक्षी म्हणजे पाणी किती स्वच्छ" अशी जी रील भाच्याने टाकली, ती चूक आहे. पक्षी आहेत म्हणजे खाणं भरपूर आहे, एवढंच.

जेवण नावाड्याच्या घरीच. ज्वारीची भाकरी, चिलापीचा रस्सा, तळलेली चिलापी. रस्सा फार सुंदर, तळणीत तेल जास्त. मरळ मागितली तर "मिळाली तर" असं उत्तर. चिलापी मूळची आफ्रिकेतली, कमी ऑक्सिजनमध्ये तग धरते, म्हणून जाळ्यात आता तीच जास्त. चवीला माझी तक्रार नाही. पण माझ्या वडिलांच्या ताटात तीन-चार जातींचे मासे असायचे.

दर आधी सांगितला तोच घेतला, बोटीमागे, घासाघीस नाही. डिसेंबर ते मार्च जा. त्यानंतर जायचं झालं तर फोन करून पाण्याचा रंग विचारा, खरं सांगतात. हिरवा साय आल्यासारखा थर काठाला दिसला तर पोरांना हात बुडवू देऊ नका. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जातींत विष असतं आणि ते पाणी उकळूनही जात नाही.