पोरगा सांगत होता "मम्मी, बंद होतंय", आणि मी त्याच्याच हातावर फटका मारला

पोरासाठी घेतलेल्या जुन्या लॅपटॉपात आणि त्यावर आलेल्या खोट्या व्हायरस इशाऱ्याच्या फसवणुकीत मिळून एकूण गेले ९८,९७९ रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लाज वाटून तो कमी करायचा मोह होणार नाही. लाखाला १,०२१ कमी. नातेवाइकांना मी "दहा-बारा हजार गेले" असंच सांगितलंय, त्यामुळे कुणी ओळखीचं हे वाचत असेल तर आता खरं कळलंच.

मी अडाणी नाही. बी.कॉम. झालेय. पारोळा-अमळनेर पट्ट्यात आमचं गाव. पाच वर्षं एका कृषी केंद्रात हिशेब लिहिते, बियाणं-खतांची जीएसटी बिलं रोज कॉम्प्युटरवरच काढते. मिस्टर सुरतला डाईंग मिलमध्ये, पंधरा दिवसांनी घरी येतात. घरात मी, सासूबाई आणि दुसरीतला पोरगा. हे सगळं सांगतेय कारण पोलीस ठाण्यात, बँकेत, जिथे जाईन तिथे एक प्रश्न ठरलेला होता, "शिकलेल्या ना तुम्ही?"

अमळनेरचं नाव काढलं की लोक विप्रो म्हणतात. १९४५ साली वनस्पती तुपाच्या धंद्याने तिथे सुरू झालेली कंपनी पुढे कॉम्प्युटरमध्ये गेली आणि ज्यांच्या आजोबांनी शेअर विकले नाहीत त्यांचं भलं झालं. आमच्या आजोबांनी शेअर कधी घेतलेच नव्हते. पण पोराने लवकर कॉम्प्युटर शिकावा हे वेड आमच्याकडे सगळ्यांनाच आहे, मलाही होतं. यूट्यूबवर कार्टून बघत मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा लॅपटॉपवर चित्रं काढेल, टायपिंग शिकेल, एवढाच विचार.

दिवाळी झाल्यावर २७ ऑक्टोबरला तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून जुना लॅपटॉप घेतला. १६,५०० रुपये. दुकानदार म्हणाला, "वहिनी, लहान पोरासाठी आहे तर आपलं किड्स सेफ पॅकेज टाकून देतो. घाण साइट उघडणारच नाही. आणि व्हायरस आला तर स्क्रीनवर नंबर येतो, फोन केला की माणूस ऑनलाइन येऊन साफ करून देतो." पॅकेजचे २,५०० वेगळे. १९,००० रोख दिले आणि त्याने कोऱ्या चिटोऱ्यावर "लॅपटॉप + सॉफ्टवेअर" लिहून दिलं. ना जीएसटी नंबर, ना लॅपटॉपचा सिरियल नंबर. दिवसभर दुसऱ्यांची पक्की बिलं काढणारी मी, स्वतःसाठी चिटोरं घेऊन आले. आज ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर हातात तेवढंच आहे.

त्याचं ते नंबरवालं वाक्य मात्र लक्षात ठेवा, पुढे तेच नडलं.

पंधरा दिवस बरे गेले. पोरगा रंगवायची चित्रं शोधायचा, हत्ती, मोर, छोटा भीम. मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून चौकोन वर यायला लागले, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" अशा धर्तीचे. मला वाटलं, पॅकेज काम करतंय! नंतर कळलं ते असं: चित्रांच्या कुठल्यातरी पानावर "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" आलं होतं आणि पोराने ते दाबलं होतं. ती परवानगी व्हायरस तपासायची नव्हतीच, त्या साइटला आपल्या स्क्रीनवर वाटेल तेव्हा जाहिरात टाकायची होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन बंद केलं की संपतं, अर्ध्या मिनिटाचं काम. तुमच्याकडे लहान मूल वापरत असेल तर आत्ताच उठून ते बंद करा.

२२ नोव्हेंबर, चौथा शनिवार, बँक बंद. हा योगायोग होता असं मला आता वाटत नाही. चारच्या सुमारास लॅपटॉपमधून भोंगा वाजायला लागला. पूर्ण स्क्रीन निळी, मधे लाल पट्टी, बाईचा आवाज सारखा सांगतोय की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची माहिती चोरीला जातेय. खाली मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि एक टोल फ्री वाटणारा नंबर. माऊस हलेना. आतल्या खोलीतून सासूबाई ओरडताहेत, "काय वाजी राहिनं वं ते?"

आणि इथे पोरगा म्हणाला, "मम्मी, थांब ना, बंद होतंय." त्याने डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबून धरलं होतं. स्क्रीन खरंच लहान झाली. वर पत्त्याची पट्टी दिसली, त्यात आकडे-अक्षरांचा नुसता गुंता, मायक्रोसॉफ्टचं नावसुद्धा नाही. बाजूला त्याच्या मोराचं पान उघडं होतं. म्हणजे डोळ्यांसमोर दिसत होतं की ही एक साधी वेबसाइट आहे, कॉम्प्युटरला काहीही झालेलं नाही. फुलीवर क्लिक केलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मी काय केलं? त्याच्या हातावर फटका मारला. "हात लावू नको, बाई सांगतेय ना बंद करू नका म्हणून!" तो रडत आजीकडे गेला आणि मी नंबर फिरवला.

रात्री झोप लागत नाही तेव्हा हेच दिसतं. पैसे जाताना नाही दिसत, त्याचं ते बटणावरचं बोट दिसतं.

विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगून ठेवलंय. पण माझ्या डोक्यात दुकानदाराचं "स्क्रीनवर नंबर येतो" बसलेलं. तो त्यांना सामील होता का? मला सिद्ध करता येत नाही. विचारलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, मी आपल्या अँटीव्हायरसचं बोललो होतो."

फोन एका माणसाने उचलला, पुढचं तुम्हाला माहीत असतंच. "मॅडम, घबराइए मत." माझी स्क्रीन त्याला लांबून दिसेल असं ॲप टाकायला लावलं, त्याचा नऊ आकडी कोड घेतला. त्याने एक यादी उघडली, त्यात शेकडो लाल-पिवळ्या खुणा. "ये सब वायरस है." ती विंडोजची नेहमीची नोंदवही असते, प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये तशा खुणा असतातच. पुण्याच्या मावसभावाने नंतर स्वतःच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर उघडून दाखवली, त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त लाल होतं. मग धमकी: तुमच्या मुलाच्या कॉम्प्युटरवरून घाणेरड्या साइटवर जाणं होतंय, पोलीस केस होऊ शकते. दुसरीतल्या पोरावर पोलीस केस! आता हसू येतं. तेव्हा हातपाय गार पडले होते. नवरा परगावी, घरात म्हातारी, आणि समोरचा माणूस आपल्या लेकराचं नाव घेऊन बोलतोय. नाव त्याला लॅपटॉपच्या खात्यावरूनच दिसत होतं, हे कुठे सुचतंय. आईचं मन तिथेच अडकतं आणि त्यांना ते बरोबर ठाऊक असतं.

पाच वर्षांचं चाइल्ड प्रोटेक्शन, ४,९९९ रुपये. कार्डाने भरले. मग "पेमेंट आलं का बघू" म्हणून त्याच लॅपटॉपवर मला नेट बँकिंग उघडायला लावलं. "व्हायरस मोबाइलमध्येही गेलाय" म्हणून तेच ॲप मोबाइलवर. आणि शेवटी: मोबाइल उलटा ठेवा, स्कॅन सुरू आहे, वीस मिनिटं हात लावू नका.

मोबाइल उलटा का ठेवायचा, हे मी विचारलं नाही. ओटीपी येत होते आणि तो तिकडून वाचत होता. मी तोंडाने एकही ओटीपी कुणाला सांगितलेला नाही, हे बँकेत दहा वेळा सांगितलं. त्या वीस मिनिटांत मी चहा टाकला. माझे पैसे जात होते आणि मी आलं किसत होते.

४:५२ ला ४९,९९० गेले. नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँकांत पहिल्या दिवशी पन्नास हजारांची मर्यादा असते, म्हणून दहा रुपये कमी. ४:५८ ला कार्डावरून २४,९९०. पहिल्या वेचणीच्या कापसाचे ८१,३१२ रुपये खात्यात होते, राहिले १,३३३.

अर्धा तास मी त्याच नंबरवर परत परत फोन करत बसले, वेड्यासारखी. मग दुकानदाराला, मग मिस्टरांना. सासूबाईंनी दारात उभं राहून विचारलं, "कितला पैसा गयात?" मी गप्प. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरचं नाव काढलं मावसभावाने, तेव्हा साडेसात वाजून गेले होते. तक्रार नोंदवून घेतली, पोचपावतीचा नंबर मिळाला. पण तोवर पैसे तीन-चार खात्यांतून पुढे गेलेले. फक्त १३,४०६ रुपये एका परराज्यातल्या खात्यात अडवता आले. पहिल्या तासात केला असता तर? १९३० मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा, सासूच्या मोबाइलमध्येसुद्धा. रडायचं ते फोन झाल्यावर.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेले त्यांचं. नावं लिहीत नाही, लिहून काय होणार.

सोमवारी बँक उघडायच्या आधी दारात. हे काम बघणारे साहेब ट्रेनिंगला. दुसऱ्यांनी इंग्रजीतला फॉर्म दिला आणि तिसऱ्यांनी तो मूळ शाखेत द्या म्हणून परत केला. मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचून गेले होते, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी किती ते त्यात होतं. मॅनेजर म्हणाले, "ताई, पुढचं वाचा. ग्राहकाचा हलगर्जीपणा असेल तर नुकसान ग्राहकाचं." वाचलंय. पण नवीन खातं जोडून, कधी नव्हे ते सहा मिनिटांत पंचाहत्तर हजार जातात आणि बँकेला काही विचारावंसं वाटत नाही, तो कुणाचा हलगर्जीपणा? अशा लांबून स्क्रीन दिसणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१९ सालीच सावध केलं होतं. आमच्या शाखेच्या भिंतीवर विम्याचं पोस्टर होतं.

ठाण्यात अकरापासून तीनपर्यंत बाकावर. पहिला प्रश्न, "दुसरीतल्या पोराला लॅपटॉप कशाला पाहिजे?" दुसरा, "मिस्टर कुठंयत?" तिसरा तुम्हाला माहीत आहेच. मग सांगितलं, सायबरचं जिल्ह्याला. एसटीने जिल्ह्याला गेले, तिथे "आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा." परत ठाणं. पत्र देणारे रजेवर. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यायचीच असं आहे. हे मी बोलले तर हवालदार म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका ताई, तुम्ही पोराला कॉम्प्युटर शिकवा." बाकावरचे दोघं हसले. त्या दिवशी मिळालं ते "अर्ज मिळाला" एवढा शिक्का. अर्ज आणि गुन्हा यात फरक असतो हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तुम्ही एफआयआरची प्रतच मागा, ती फुकट मिळते. शिक्क्यावर खूश होऊन घरी येऊ नका.

अडवलेले १३,४०६? ते आहेत, सायबर तक्रारीच्या पोर्टलवर दिसतात, पण सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं. वकिलाने सुरुवातीलाच पाच हजार सांगितले. तेरा हजारांसाठी पाच हजार.

डिसेंबरात मावसभाऊ आला आणि त्याने लॅपटॉप उघडून बघितला. किड्स सेफ पॅकेज म्हणजे तीस दिवसांचा फुकट अँटीव्हायरस, बस्. तो त्या दिवशी चालूही होता, पण आपण स्वतः नंबर फिरवल्यावर तो काय करणार? विंडोज १० चोरीचं, आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला, म्हणजे मी घ्यायच्या तेरा दिवस आधी. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे नियमाने ते त्यावर चढणारच नाही. जुना लॅपटॉप घ्यायला जाल तर दुकानात उभं राहूनच पिढी बघा. आणि खातं एकच, सगळे अधिकार असलेलं, पासवर्डशिवाय, पोराच्या नावाने. सात वर्षांचं पोर त्या मशीनचं मालक!

त्याने सगळं पुसून विंडोजच्या जागी उबंटू ही फुकट सिस्टिम टाकली. माझं खातं वेगळं, पासवर्डचं. पोराचं साधं, त्यात काही इन्स्टॉल करायचं तर माझा पासवर्ड लागतो. विंडोज असलं तरी हे असंच करता येतं, आणि त्यात डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीपासून फुकट असतो. मुलांच्या खेळ-अभ्यासाचं जीकॉम्प्रिस आणि चित्रं रंगवायचं टक्स पेंट टाकलं, दोन्ही फुकट, इंटरनेटशिवाय चालतात, त्यामुळे रंगवायला आता साइट उघडावी लागत नाही. राउटरमध्ये डीएनएस (साइटचे पत्ते शोधून देणारी सेवा) १.१.१.३ केलं, त्याने व्हायरसच्या आणि घाणेरड्या बऱ्याच साइट अडतात. सगळ्या अडत नाहीत, म्हणून लॅपटॉप आता ओसरीवर, स्क्रीन माझ्याकडे. बँकेचं काहीही त्या मशीनवर नाही. खर्च शून्य. ज्याचे मी २,५०० दिले होते ते त्याने चहा पिता पिता केलं.

पोरगा बरेच दिवस लॅपटॉपला हात लावत नव्हता. मागच्या आठवड्यात टक्स पेंटमध्ये काहीतरी अडकलं तर माझ्याकडे बघून म्हणाला, "मम्मी, मी एस्केप दाबू?" मी म्हटलं दाब रे बाबा.

दुकानाची पाटी अजून आहे, नवीन स्टिकरसकट, पॅकेज आता २,९९९ चं झालंय. उद्या मला परत जिल्ह्याला जायचंय, पाचवी खेप. या वेळी बँक स्टेटमेंटवर शाखेचा शिक्का मागितलाय, आणि शाखेत शिक्का मारणाऱ्या मॅडम मंगळवारी येतात.