प्राइम९५ वापरून बघितलं, गणित आवडणाऱ्यांनी नक्की टाका

जिम्प्स हा लोकांच्या कॉम्प्युटरवर '२ चा कुठला तरी घात वजा १' अशा मोठ्या मूळ संख्या शोधणारा प्रकल्प, त्याचं हे सॉफ्टवेअर एकदम फुकट आहे, १९९६ पासून चालू आहे. डाउनलोड केलं, अकाउंट काढलं की सर्व्हर तुम्हाला तपासायला एक घातांक देतो आणि कॉम्प्युटर मागे आपलं काम करत बसतो. दिसायला जुनाट आहे पण त्याने काही अडत नाही.

खरी मजा आतल्या गणितात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्रकल्पातून २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या जाहीर झाली, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी! शेवटचा अंक १, आणि बायनरीत लिहिली तर सगळे अंक १ च, एकही शून्य नाही. अशी संख्या मूळ असायला घातांक मूळ लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही, घातांक ११ घ्या ना, २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ येतात आणि ते २३ गुणिले ८९ निघतात. आता हे दोन्ही ११ च्या दुप्पटीच्या पटीत अधिक १ आहेत बघा (२२+१, ८८+१), सॉफ्टवेअर आधी असेच भाजक तपासतं, त्यामुळे कितीतरी घातांक संख्या मूळ आहे का बघणाऱ्या मोठ्या टेस्टआधीच बाद होतात. मला हे कळलं तेव्हा रात्री झोपच लागेना!

फक्त एक, प्रोसेसर फुल चालतो, लॅपटॉप तापतो, वीजही जाते. डेस्कटॉप असेल तर त्यावरच लावा. माझ्याकडून पाच स्टार.