जॅमा अडॅप्टर आणि सहा बटनांचं पॅनेल: सात-आठ महिने वापरल्यावर

माझ्याकडचे जुने आर्केड बोर्ड (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रांमधले सर्किट बोर्ड) गेले सात-आठ महिने एकाच संचावर चालतायत. त्यात एक सुपरगन आहे, म्हणजे कॅबिनेटऐवजी वीज, चित्र, आवाज आणि कंट्रोल पुरवणारा डबा. जोडीला जॅमा या जोडणीच्या प्रमाणाआधीच्या काळातल्या बोर्डांसाठी दोन अडॅप्टर, सहा बटनांची दोन पॅनेलं, आणि हार्नेस (बोर्डाला जोडायचा वायरींचा जुडगा) व पॅनेल यांच्यामध्ये बसणारी स्क्रू टर्मिनलची एक पट्टी. सुरुवातीच्या दिवसांत माझं सगळं लक्ष चित्राकडे होतं. आज कुणी विचारलं तर मी आधी या पट्टीबद्दल बोलेन. दिसायला ती अगदीच ओबडधोबड आहे, पण संचातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू तीच.

थोडी पार्श्वभूमी. १९८५ च्या सुमारास जपानमधल्या आर्केड यंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनेने जोडणीचं एक प्रमाण ठरवलं. त्या संघटनेच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जॅमा. बोर्डाच्या कडेला संपर्काच्या ५६ छोट्या पट्ट्या, एका बाजूला २८, दोन पट्ट्यांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. सुटे भाग असलेल्या बाजूला १ ते २८ आकडे, डाग दिलेल्या (सोल्डरच्या) बाजूला इंग्रजी अक्षरं. त्याआधी प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असायची. १९८० च्या पॅक-मॅनला ४४ पट्ट्यांची कड आहे आणि त्यांचा क्रमही त्याचा स्वतःचा. अशा बोर्डांना जॅमाच्या हार्नेसवर आणायचं तर मध्ये अडॅप्टर हवाच.

अक्षरांचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण माझी मोठी तक्रार तिथेच आहे. जी, आय, ओ आणि क्यू वगळून ए ते झेड संपले की पुढे स्मॉल ए ते एफ सुरू होतात. म्हणजे कॅपिटल एफ आणि स्मॉल एफ एकाच कडेवर आहेत. कॅपिटल एफवर १२ व्होल्ट आहेत, स्मॉल एफवर ग्राउंड. कॅपिटल ई म्हणजे उणे ५ व्होल्ट, स्मॉल ई परत ग्राउंड. कॅपिटल सी म्हणजे ५ व्होल्ट, आणि स्मॉल सी बहुतेक जण दुसऱ्या खेळाडूच्या चौथ्या बटनाला वापरतात. माझ्या एका अडॅप्टरवर ही सगळी अक्षरं कॅपिटलमध्येच छापलेली आहेत. बनवणाऱ्याला छपाईत काही फरक पडला नसेल, पण छापील अक्षरावर विश्वास ठेवून वायर लावणाऱ्याचा बोर्ड जळू शकतो. मी पहिल्याच दिवशी मल्टीमीटरने कंटिन्युइटी (वीज सलग जाते की नाही ते) तपासत प्रत्येक पट्टीचा माग काढला आणि बारीक मार्करने आकडे लिहून घेतले. अक्षरं बाजूला ठेवून दोन्ही बाजूंना आकडेच लिहिले, वरची बाजू लाल आणि खालची निळी.

दुसरी गोष्ट खाचेची. जॅमाच्या कडेवर सातव्या जागी खाच असते आणि कनेक्टरमध्ये तिथे प्लास्टिकची एक पाचर असायला हवी, म्हणजे बोर्ड उलटा बसतच नाही. प्रत्यक्षात कितीतरी हार्नेसमध्ये ही पाचर नसते. या संचातही ती नव्हती. बोर्ड उलटा घुसला तर सहाव्या जागेवरचे १२ व्होल्ट तेविसाव्या जागेवर, म्हणजे थेट दुसऱ्या बटनाच्या इनपुटवर जातात. ५ व्होल्टची सवय असलेल्या, त्या इनपुटमागच्या आयसीचं (चिपचं) पुढे काय होतं ते सांगायला नको. ही पाचर वेगळी मिळते, ती सातव्या जागेत दाबून बसवावी. हे काम बोर्डला हात लावायच्या आधीचं.

आता वीज. जॅमामध्ये ५ व्होल्टसाठी चार पट्ट्या आहेत आणि ग्राउंडसाठी आठ, ते उगाच नाही. माझ्या पॅक-मॅन अडॅप्टरमध्ये ५ व्होल्टची एकच बारीक वायर ओढली होती. सप्लायवर मोजलं तर बरोबर ५.०० दिसायचे. पण बोर्डाच्या लांबच्या कोपऱ्यातल्या चौदा पायांच्या लॉजिक आयसीवर, सातव्या आणि चौदाव्या पायांमध्ये मीटर लावला की ४.७ च्या घरात. ७४ मालिकेतल्या या आयसींना ४.७५ ते ५.२५ लागतात. त्याखाली गेलं की बोर्ड कधी चालू होतो, कधी नुसते भलतेसलते चौकोन दाखवतो, आणि आपण नसलेला बिघाड शोधत बसतो. मी ती वायर काढून चारही पट्ट्यांना वेगवेगळ्या जाड वायरी दिल्या, ग्राउंडचंही तसंच केलं. तेव्हापासून त्याच आयसीवर ४.९५ च्या वर मिळतात. सप्लायचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवणं हा याच्यावरचा उपाय नाही, वायर जाड करणं हा आहे.

पॅक-मॅनचं अडॅप्टर नुसती वायरींची अदलाबदल नसतं, हेही लक्षात घ्या. मूळ बोर्डाला कडेवरून ७ व्होल्ट एसी मिळायचे आणि त्यातून तो स्वतःच ५ व्होल्ट डीसी तयार करायचा. जॅमाचा सप्लाय थेट डीसी देतो. अडॅप्टर घेताना ही सोय कशी केली आहे ते विचारून घ्यावं. माझं दुसरं अडॅप्टर १९८१ च्या डाँकी काँगसाठी आहे, आणि ते उत्तम निघालं. त्या काळच्या निन्टेन्डो बोर्डांतून रंग उलटे बाहेर पडतात, नेहमीच्या मॉनिटरवर ते फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात. शिवाय ॲम्प्लिफायर बोर्डवर नसतो. या अडॅप्टरमध्ये रंग सुलटे करणारं सर्किट आहे, छोटा ॲम्प्लिफायरही आहे आणि आवाजाचा ट्रिमर (कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) हाताला येईल अशा जागी आहे. बनवणाऱ्याने हा बोर्ड स्वतः लावून पाहिला असणार, हे दिसतं.

बटनांकडे येते. आर्केड बोर्डाचं इनपुट सहसा एका रेझिस्टरने ५ व्होल्टकडे ओढलेलं असतं. बटन दाबलं की ते ग्राउंडला टेकतं आणि खेळाला कळतं. म्हणून सगळ्या बटनांचं ग्राउंड सामाईक असतं आणि एका बटनावरून दुसऱ्यावर माळेसारखं जातं. पॅनेलसोबत आलेल्या माळेचं दुसरं टोक मोकळं होतं. मधला एक लग (वायरीच्या टोकाची, बटनाच्या पायावर बसणारी धातूची खोबण) सैल झाला की त्याच्या पुढची सगळी बटनं एकदम मेली. शेवटच्या बटनापासून एक वायर परत स्क्रूच्या पट्टीवर आणून मी माळ दोन्ही टोकांनी बांधली. आता एखादा लग निसटला तर फार तर ते एक बटन जाईल. लग घेताना रुंदी बघा. सानवा आणि सेइमित्सु या कंपन्यांच्या बटनांना २.८ मिलिमीटरचे लागतात, अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचना बहुधा ४.८ चे. मोठा लग चिमट्याने दाबून छोट्या पायावर बसवला तर तो महिनाभरात सैल पडतो.

जॅमामध्ये प्रत्येक खेळाडूला तीनच बटनं आहेत. १९९१ मध्ये स्ट्रीट फायटर टू हा मारामारीचा खेळ सहा बटनं घेऊन आला, तेव्हा ठोशांची बटनं कडेवर राहिली आणि लाथांसाठी बोर्डवर वेगळा कनेक्टर आला. पुढच्या सीपीएस-२ या बोर्डांवर तो ३४ पिनांचा आहे. पुढे बऱ्याच सुपरगनांनी चौथं, पाचवं आणि सहावं बटन २५, २६ आणि २७ या जागांवर आणलं. पण मूळ प्रमाणात २७ वर ग्राउंड आहे. हार्नेसमध्ये ती जागा ग्राउंडला बांधलेली असेल तर जोरदार लाथेचं, म्हणजे सहावं, बटन कायम दाबलेलं राहतं. आपला खेळाडू विनाकारण लाथा मारू लागला तर बटन बदलायच्या आधी इथे बघा. स्क्रूच्या पट्टीवर दोन्ही खेळाडूंच्या २७ साठी जम्पर (जोडणी बदलायच्या छोट्या टोप्या) दिलेत: एका बाजूला ग्राउंड, दुसऱ्या बाजूला बटन. इतकी छोटी गोष्ट, पण ज्याने दिली त्याला मनापासून धन्यवाद.

या पट्टीची खरी मजा बटनांच्या मांडणीत आहे. १९९० पासूनच्या निओ जिओ या बोर्डांवर चार बटनं, ए-बी-सी-डी, मुळात एका ओळीत. सहाच्या पॅनेलवर ती सरळ जोडली तर ए-बी-सी वरच्या ओळीत येतात आणि डी ए-च्या खाली. मेटल स्लगला हे चालतं, गोळी, उडी आणि बॉम्ब वर ओळीने मिळतात. किंग ऑफ फायटर्सला मात्र हात अडखळतो, कारण तिथे ए हलका ठोसा, बी हलकी लाथ, सी जोरदार ठोसा, डी जोरदार लाथ. ठोसे वर आणि लाथा खाली हव्या. म्हणून बी ए-च्या खाली, सी ए-च्या शेजारी आणि डी सी-च्या खाली. पट्टीवर तीन स्क्रू सैल करून तीन वायरी हलवल्या की झालं, पॅनेल उघडावं लागत नाही. मोर्टल कॉम्बॅटला वर जोरदार ठोसा, ब्लॉक, जोरदार लाथ, खाली दोन टोकांना हलका ठोसा आणि हलकी लाथ, आणि खालचं मधलं बटन रिकामं. ही मांडणी हाताला लगेच बसते. प्रत्येक मांडणीचा कागद मी पट्टीच्या झाकणात चिकटवलाय.

जॉयस्टिकचं थोडक्यात: पॅक-मॅन आणि डाँकी काँगसाठी चार दिशांचीच जाळी (दांडा कुठे जाऊ शकतो ते ठरवणारी चौकट) लावा. आठ दिशांवर तिरकं गेलं की दोन सिग्नल एकदम जातात आणि नेमकं वळणावर पॅक-मॅन ऐकत नाही. सानवाच्या जेएलएफ जॉयस्टिकची जाळी फिरवून हे होतं.

चित्राबद्दल फारशी तक्रार नाही. बोर्डाचे रंग टीव्हीला हव्या असलेल्या ०.७ व्होल्टपेक्षा बरेच जोरात येतात, सुपरगनमध्ये ते उतरवायला तीन ट्रिमर आहेत आणि ते अजून जागचे हललेले नाहीत. जुन्या नळीच्या टीव्हीवर सगळं चालतं. स्केलरवर (जुनं चित्र नव्या पडद्याला जुळवणाऱ्या डब्यावर) मात्र आर-टाइप हा खेळ साधारण ५५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५५ चित्रांवर, आणि मोर्टल कॉम्बॅट ५४.७ वर असल्याने काही पडदे चित्र घ्यायला नकार देतात. तो दोष या संचाचा नाही. आवाजाच्या वायरीत काळजी घ्या: कित्येक बोर्डांवर स्पीकरची उणे बाजू म्हणजे ग्राउंड नसतं, ती ग्राउंडला बांधली तर ॲम्प्लिफायर जातो. या सुपरगनमध्ये मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणून मी निर्धास्त आहे.

झीज म्हणाल तर एज कनेक्टरच्या पहिल्या चार जागांची पकड थोडी ढिली झालीय. बोर्ड डुलवत न काढता दोन्ही टोकांना धरून सरळ ओढला तर ती टिकते. पट्टीचे स्क्रू मधूनमधून आवळावे लागतात, विशेषतः बारीक वायरीवर टोपी न बसवता ती थेट कोंबली असेल तर. नवं अडॅप्टर घ्यायचंच झालं तर मी डाँकी काँगवाल्याच्या हातचं घेईन, आणि दुसऱ्या पॅनेलसाठी हीच पट्टी आणखी एक मागवणार आहे.