सरकारी मानसोपचार विभाग, मराठवाडा: पहिल्या भेटीला पाचपैकी चार, तिसऱ्या महिन्याला दोन

मराठवाड्यातल्या सरकारी मानसोपचार सेवेला पहिल्या भेटीवरून गुण द्यायचे तर पाचपैकी चार द्यावे लागतील. तिसऱ्या महिन्यावरून द्यायचे तर दोनच. मनाच्या आजारात उपचार पुढे टिकतात का, यावर बरंच काही ठरतं, म्हणून दुसरा आकडा आम्ही जास्त महत्त्वाचा मानतो.

आधी मागचं थोडं. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नाही. हिंगोली-परभणीकडच्या घरात ‘येरवड्याला नेऊन टाकीन’ ही धमकी होती, आणि तेवढा प्रवास झेपला नाही तर साखळी, कोंडलेली खोली किंवा एखाद्या देवस्थानाचा ओटा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने लातूर-धाराशिवमध्ये पत्रे आणि धान्य वाटणाऱ्यांनाही मनाच्या जखमेची दखल घ्यायला लावली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 ला सुरू झाला, इथल्या सगळ्या जिल्ह्यांत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. या कामात हयात घालवलेल्यांची मागणी साधी होती: उपचार जवळ हवेत, गोळी फुकट हवी, साखळी बंद हवी. कायद्यात तिन्ही आल्या.

आता पहिली भेट. जिल्हा रुग्णालयात किंवा घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेडसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात जायचं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडे पैसे लागू शकतात. दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही. सोबत मात्र असा माणूस न्यावा, ज्याने रुग्णाची झोप, जेवण आणि बोलणं रोज पाहिलंय. गावातला हुशार म्हणून कुणी पुढारी नेला तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. आधीच्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्यावीत, खासगी डॉक्टरची, मेडिकलवाल्याने दिलेली आणि झाडपाल्याच्या पुड्यासुद्धा. ‘झोपेची पांढरी गोळी’ एवढ्यावरून औषध ओळखू येत नाही. ती क्लोनाझेपामसारखी असेल आणि बरेच दिवस चालू असेल, तर एकदम बंद केल्यावर झटके येऊ शकतात. म्हणून पाकीट महत्त्वाचं.

इथवर सेवा चांगली आहे. निदान बहुधा बरोबर होतं, औषध योग्य मिळतं, डॉक्टर आता ‘बाहेरचं झालंय’ म्हणणाऱ्या घरच्यांवर खेकसत नाहीत. दर्ग्याला जा, अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका, असं सांगतात. हा बदल मोठा आहे आणि तो मनापासून नोंदवायला हवा.

घोळ दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो. नैराश्याच्या गोळीचा, म्हणजे एस्सिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिनचा, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मळमळ, अस्वस्थपणा, डोकेदुखी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे रुग्णाला आधी तोटा दिसतो, फायदा नंतर. हे वाक्य गोळ्या देताना कुणी सांगितलं नाही, तर आठव्या दिवशी पाकीट देव्हाऱ्यामागे जाऊन पडतं. सांगण्याचं काम समुपदेशकाचं किंवा परिचारिकेचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आराखड्यात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी पूर्ण फळी आहे. पण पदं कंत्राटी, माणसं बदलत राहतात, आणि ज्याच्याशी रुग्ण पहिल्यांदा मोकळं बोलला तो तिसऱ्या भेटीला बऱ्याचदा नसतो. बोलायची जागाही तशीच: दार उघडं, पडद्यामागे पुढचा रुग्ण. नवऱ्याच्या दारूबद्दल किंवा सावकाराबद्दल तिथे कोण बोलेल?

सिझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या, औषधांत वेगळी अडचण. रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉलने अंग आखडतं, हात थरथरतात. त्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल ही छोटी गोळी देतात. साठ्यात मुख्य औषध आहे आणि ही गोळी नाही, असं झालं की रुग्ण आखडतो आणि मुख्य औषधच सोडतो. म्हणून औषधाच्या खिडकीवर दोन्ही मोजून घ्या. ओलान्झापिन चालू असेल तर दर काही महिन्यांनी वजन आणि साखर तपासायला सांगा, आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

सगळ्यात मोठं अपयश मात्र ऊसतोडीचं आहे. बीड आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, परततात मार्च-एप्रिलला. रुग्णालय गोळ्या देतं पंधरा दिवसांच्या, फार तर महिन्याच्या. मुकादमाची उचल घेतलेला माणूस तपासणीसाठी फड सोडून बीडला येऊ शकत नाही. परिणाम ठरलेला: डिसेंबरपर्यंत गोळ्या संपतात, जानेवारीत फडावरच्या कोपीत (झोपडीत) आजार उलटतो, आणि दोष येतो रुग्णाच्या ‘निष्काळजीपणावर’. हा दोष पूर्णपणे सेवेचा आहे. हंगामाचं वेळापत्रक साखर कारखान्याला ठाऊक असतं, आरोग्य खात्याला का नसावं? तोवर एवढं करा: निघण्याआधी डॉक्टरांना तारीख आणि कारखान्याचा तालुका सांगा, औषधाचं मूळ नाव आणि मिलीग्रॅम सुवाच्य अक्षरात लिहून घ्या, त्याचा फोटो रुग्णाच्या आणि सोबतच्या माणसाच्या फोनमध्ये ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 नुसार अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत. कारखान्याजवळचं ग्रामीण रुग्णालय त्यात आलंच. रोजची गोळी विसरणाऱ्या सिझोफ्रेनियाच्या रुग्णासाठी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

लिथियमबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या उन्हाशी त्याचं वैर आहे. बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी अति उसळतं तर कधी खचतं त्या आजारात, हे जुनं आणि खात्रीचं औषध, पण गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर कमी. एप्रिल-मेमध्ये पारा 42 वर असताना घामाने पाणी आणि मीठ गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं. जुलाब-उलटी झाली तरी तसंच. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तरी वाढतं, आणि कामकरी माणूस ती गोळी टपरीवरूनही घेतो. हात जास्त थरथरणं, पाय अडखळणं, जीभ जड होणं, उलट्या, गुंगी दिसली तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी करायची. सकाळची गोळी खाऊन रक्त दिलं तर आकडा फुगतो आणि मात्रा चुकते. ही एक सूचना प्रत्येक लिथियमच्या केसपेपरवर शिक्का मारून यायला हवी. सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही अधूनमधून लागते.

टेली-मानस ही हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 लावा, मराठी निवडा. फोन मोफत, दिवसरात्र चालू. पहिल्यांदा समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. रात्री दोनला जीव नकोसा झालेल्या माणसासाठी, आणि त्याच्याजवळ बसलेल्या घाबरलेल्या बायकोसाठी किंवा भावासाठीही, हा नंबर सोन्यासारखा आहे. मात्र फोनवरून कुणी घरी येत नाही. जीव धोक्यात असेल तर 108 किंवा 112. शिवाय अशा घरात फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. भेटीला येणाऱ्या आशाताईने हे विचारायलाच हवं.

दिव्यांग प्रमाणपत्रात बहुतेक अर्ज पुराव्याअभावी अडतात. मानसिक आजाराचं मोजमाप स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद-समज आणि काम या चार बाबींवर होतं, प्रत्येकी 0 ते 4. आजार किती वर्षांचा, त्याचे 1 ते 4 गुण वेगळे. 20 पैकी 7 झाले की दिव्यांगत्वाची 40 टक्क्यांची पायरी गाठली जाते. दहा वर्षांच्या आजाराचा एकही जुना कागद नसेल तर तिथेच गुण जातात. म्हणून 2012 चा फाटका केसपेपरही जपा. आणि तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर लाजून ‘आता बरा आहे’ म्हणू नका. अंघोळ कोण सांगून घालतं, पैशाचा हिशेब जमतो का, शेवटचं काम कधी केलं, ते सरळ सांगा.

भरती करायची वेळ आली तर रुग्ण स्वतः दाखल होऊ शकतो, आणि बरं वाटल्यावर जाऊही शकतो. त्याला निर्णय झेपत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या) अर्जावर, 30 दिवसांपर्यंत. साखळी कुठेच चालत नाही. भूल दिल्याशिवाय विजेचा (शॉकचा) उपचारही नाही. कागदपत्रांची प्रत मागणं हा हक्क आहे. डिस्चार्जच्या दिवशी ती घेतल्याशिवाय निघू नका, त्या प्रतीवर पुढच्या भेटीची तारीख लिहिलेली आहे ना ते पाहा, आणि ती तारीख हंगामात येत असेल तर तिथेच, खिडकीसमोर उभं राहून, कारखान्याच्या गावाचं नाव लिहून घ्या.