विस्कॉन्सिनमध्ये हरणाची शिकार: धनुष्य की रायफल?

दोन्हींचे परवाने वेगळे, त्यामुळे निवड आधीच करावी लागते.

रायफलचा मुख्य हंगाम अवघा नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो. रानात तेव्हा माणसांची इतकी गर्दी, की कमरेवरचे निदान निम्मे कपडे भडक केशरी हवेत. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो (केशरीच बरा दिसतो, हे माझं मत). शंभर यार्डांवरूनही नेम लागतो, मात्र रायफलवरची दुर्बीण आधी नेमबाजीच्या रेंजवर जुळवून घेतलेली असावी. एच-वन-बी व्हिसावरच्या आपल्या मंडळींना एरवी बंदूक बाळगायला संघीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना असल्यास त्यातून सूट मिळते.

धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. नोव्हेंबरात नर माजावर येतात, तेव्हा सावधपणा विसरतात. पण हरीण वीस-तीस यार्डांत यायला हवं, म्हणजे उन्हाळाभर सराव आणि वाऱ्याचा अंदाज हवाच.

शिकारीची नोंद दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. राज्यात 2002 मध्ये हरणांना झिजवून मारणारा, संसर्गाने पसरणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) रोग सापडला. म्हणून बाधित काउंट्यांत (जिल्ह्यांत) हरणांना आमिष टाकायला बंदी आहे.

वेळ असेल तर मी धनुष्य म्हणेन. फक्त त्या नऊ दिवसांत धनुष्यवाल्यालाही केशरी चुकत नाही.